हातानं फिरवायची लेन्स

आसगावात मला टेकचंद म्हणून ओळखणारे थोडे. ‘एक डोळा मिटणारा कुठं राहतो’ असं विचारा, पोरंसोरंही बरोबर माझ्या दारात आणून सोडतात. दिवसभर राइस मिलचा हिशेब लिहायचा आणि उरलेल्या वेळात कॅमेरा डोळ्याला लावून फिरायचं, हा माझा धंदा. कॅमेरा चांगला डिजिटल आहे, सगळं आपसूक करतो. म्हणूनच मला करमेना. नागपूरला बंद पडलेल्या एका स्टुडिओतून मी एक जुनी, वजनाला पायलीसारखी लेन्स आणली आणि मधे एक जोडकडं बसवून त्या नव्या कॅमेऱ्यावर चढवली. आता फोकस कॅमेरा करत नाही, मी करतो. म्हणजे होत नाही.

बायको म्हणाली, “घरी चालू मिक्सर असून कोणी पाटा-वरवंटा इकत आणते का?”

“पाट्यावरच्या चटणीची चव येगळी रायते.”

“मंग चटणी दाखवा ना एखाद्या वेळी. आजवर दगडच पाहून राहिलो आमी.”

याच दगडावर भाचीची सोयरीक येऊन अडकेल, हे मात्र तिच्याही हिशेबात नव्हतं.

डिंपल माझ्या मोठ्या बहिणीची, निर्मलाबाईची मुलगी. बहीण गावातच दिलेली. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. आकाशपाळणे असतात, जिलेबी असते, रात्री दंडारीची नाचगाणी असतात. पण पाहुणे खरे येतात ते लग्नाची पोरं-पोरी पाहायला. मंडई पाहायचं निमित्त, चहा पिता पिता सोयरीक. एकोडीच्या अमरकडचे लोक आमच्या मंडईला यायचे होते. अमर साकोलीत मोटारपंप दुरुस्त करतो. डिंपल त्याच्याशी फोनवर बोलली होती, आणि तेव्हापासून शेतातल्या बंद पडलेल्या मोटारीची तिला फारच काळजी वाटू लागली होती.

पण त्या घरात चालते ती अमरच्या आत्याची, विमलाबाईंची. त्यांना डिंपलचा स्टुडिओतला फोटो गेला होता. मागे बर्फाचे डोंगर, आणि तिचा पुढचा जरासा तिरपा दात स्टुडिओवाल्यानं मेहेरबानी म्हणून सरळ करून दिलेला. मंडईच्या आदल्या दिवशी सकाळी विमलाबाईंचा फोन आला.

“पोरगी कुठी हाय याच्यात? मले तं पावडरच दिसते. साधा फोटो धाडा सांजवरी. नाई तं आमी दुसऱ्या गावच्या मंडईले जातो. तिथंबी एक पोरगी पाहाची हाय.”

निर्मलाबाईचं तोंड उतरलं. डिंपलचं त्याहून जास्त. मोबाइलनं फोटो काढावा तर तो न सांगताच गाल गोरे करतो, पुन्हा पावडरच. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. गरज म्हणून माझ्या कॅमेऱ्याकडे पाहण्याची या घराची ती पहिलीच वेळ. मी ती नजर जमेला धरली.

“मामा, ते दुसरी लेन्स लावा ना, आपोआपवाली,” डिंपल म्हणाली.

“ते लेन्स अंदाज बांधते पोरी. हे पाहते.”

असली वाक्यं मला चटकन सुचतात. फोटो तेवढ्या चटकन येत नाहीत.

बहिणीच्या खळ्यावर कापलेल्या धानाचं पुंजणं रचलेलं होतं, माणसाहून उंच. उन्हं कलली होती. डिंपल हळदी रंगाची साडी नेसून, हाती नवं सूप घेऊन आली. आमच्याकडे मामा भाचा-भाचीच्या पाया पडतो. मी वाकलो. ती नेहमीसारखी मागं उडाली.

“राहू द्या ना मामा! मले कसंतरीच लागते.”

तिला चालता येऊ लागल्यापासून आमचं हेच चाललंय. मी वाकायचं, तिनं पळायचं.

मग कामाला लागलो. ही लेन्स पूर्ण उघडी ठेवली, तर नाक साफ येतं आणि कान धुक्यात जातो. लेन्समधलं उजेडाचं छिद्र लहान केलं असतं तर सगळंच साफ आलं असतं, हे मला ठाऊक होतं. पण मग मागचं धूसर होत नाही, आणि मागचं धूसर व्हावं म्हणूनच तर मी घरी एवढी बोलणी खाल्ली होती. शिवाय एका व्हिडिओत मी एक युक्ती पाहिली होती. फोकसचं कडं एका जागी ठेवायचं आणि आपणच कंबरेतून हळूहळू पुढं झुकत जायचं. समोरच्याचे डोळे साफ दिसले की बटण दाबायचं.

मी श्वास धरला, झुकलो. डोळे साफ झाले. दाबलं.

सूप असं आलं होतं की कामटी न् कामटी मोजून घ्यावी. डिंपलचं तोंड धुक्यात.

“हालली तू.”

“नाई ना मामा!”

पुन्हा झुकलो. या खेपेला बांगड्या साफ. पुन्हा झुकलो, तर मधून कोंबडी गेली. तिचं पीस न् पीस साफ. कोंबडीची सोयरीक जमवायची असती, तर त्या दिवशी मी खळ्यावर पाहुण्यांची रांग लावली असती. मी लेन्सला बोललो, कड्याला बोललो, उन्हाला बोललो. स्वतःला तेवढा बोललो नाही. ऊन पुंजण्याच्या शेंड्यावर गेलं, तसा डिंपलचा आवाज रडवेला झाला.

“मामा, ते लोक खरंच दुसऱ्या मंडईले जातीन ना.”

तेवढ्यात निर्मलाबाई चहा घेऊन आली. फाटकातच थांबली आणि तोंडाला पदर लावून हसू लागली.

“काहून हसून राहिली बाई?”

“अरे टेकचंद, तू फोटो काढून राहिला का पाया पडून राहिला? तू वाकला का ते मांगं सरते! इथं फाटकापाशी उभे होते ना तुमी? पाहा आता कुठी गेले!”

मी कॅमेरा डोळ्यावरून काढला. खरंच, आम्ही खळं ओलांडून आलो होतो. सारवलेल्या भुईवर डिंपलच्या मागं मागं गेलेल्या पावलांच्या खुणा, आणि त्यांचा पाठलाग करणाऱ्या माझ्या.

“मी नाई सरली आई,” डिंपल कावरीबावरी झाली. “पायच सरते.”

इथं शहाण्या माणसानं सरळ उभं राहून हातानं कडं फिरवलं असतं. मी काय केलं? “मांगं नोको सरू,” असं बजावलं आणि पुन्हा कंबरेतून वाकलो. ती अर्थातच मागं सरली. पण आता पाठ पुंजण्याला टेकली. जायला जागा नाही, मामा तर वाकतोच आहे.

“नका ना मामा!” म्हणत तिनं एक हात पुढं केला आणि खळाळून हसली.

मी दाबलं.

डोळे लख्ख साफ. केसांत धानाची लोंबी. आणि तो तिरपा दात, फोटोच्या अगदी मधोमध.

“दात दिसते,” निर्मलाबाई म्हणाली. “हा नोको धाडू.”

“उद्या येऊन पाहतीनच ना. मंडईच्या दिवशी दात काय सरळ होते का?” असं म्हणून डिंपलनं फोटो मोबाइलवर घेतला आणि पाठवून दिला. मग ती पुंजण्याला टेकूनच उभी राहिली, मोबाइल दोन्ही हातांत धरून.

चहा निवायच्या आत फोन वाजला. डिंपलनं तो आईला दिला, आईनं माझ्या कानाला लावला.

“हा फोटो कोणं काढला?” विमलाबाईंचा आवाज.

मी घसा साफ केला. “मी. मुलीचा मामा. आत्याबाई, हे जुनी लेन्स हाय, हातानं फोकस करा लागते, आजकाल कोणी—”

“ते राहू द्या मामाजी. पोरगी हात आडवा करून मांगं काहून सरून राहिली? पाया पडून राहिले होते का तुमी?”

लेन्सची थोरवी सांगायला उघडलेलं तोंड मी तसंच मिटलं.

“हो,” मी म्हणालो. “तसंच समजा.”

“आमचा अमरबी असाच हाय. मामा घरी आला का हा घरभर पळते.” पलीकडून हसू ऐकू आलं. “दातबी पाहिला मी. आमच्या घरी कोणाचे सरळ हायेत! येतो उद्या. पोरीले म्हणा, पावडर नोको लावजो.”

ते आले, आणि सोयरीक जमली. मग दोघांचा मिळून एक फोटो हवा, असं ठरलं. बायकोनं आपोआपवाली लेन्स आठवणीनं पिशवीत घालून दिली होती. मी ती पिशवीतच ठेवली. पाळण्यासमोर, जिलेबीच्या परातीमागं दोघं उभी राहिली. मी कडं एका जागी ठेवलं, श्वास धरला आणि कंबरेतून वाकलो.

अमर आता होणारा भाचजावई. त्याच्याही पाया पडायची रीत आहे, हे त्याला ठाऊक होतं.

दोघंही एकदमच मागं सरली.

फोटोत पुढ्यातली जिलेबीची परात इतकी साफ आली आहे की पाक ठिबकताना दिसतो. मागे अमर आणि डिंपल धूसर, पण दोघंही अगदी सारखीच धूसर. बायकोनं तो बराच वेळ पाहिला.

“झाली बा चटणी एकदाची,” ती म्हणाली. “दाताखाली कचकच लागते, पण झाली.”