मेबलबरोबर टीव्हीवर

मित्रांनो, तुम्ही मला ओळखणार नाही, पण एके काळी अमेरिकेतल्या घराघरांतून लोकांनी मला टीव्हीवर पाहिले आहे. मी चिनीमातीची एक किटली आहे. निळ्या वेलबुट्टीची, वेताच्या मुठीची, पोट जरा सुटलेली. माझा जन्म चीनमधल्या कँटन शहराजवळच्या एका भट्टीत झाला. सिउ-लिन नावाच्या एका नव्या नवरीने मला पेंढ्यात गुंडाळले आणि समुद्र ओलांडून लॉस एंजेलिसला आणले. तिच्या नवऱ्याने, म्हणजे फोंगमालकांनी, तिथल्या चायनाटाउनमध्ये छोटेसे हॉटेल काढले, आणि मी गिऱ्हाइकांना चहा पाजू लागले. कोणी चहाची तारीफ केली की माझे झाकणसुद्धा सुखाने खडखडे.

त्यांची एकुलती एक मुलगी मेबल. ती त्याच हॉटेलच्या मागच्या खोलीत जन्मली, तिथल्याच शाळेत शिकली. इंग्रजी इतके छान बोले, की वक्तृत्वाचे बक्षीस दर वर्षी तिचेच. सिउ-लिन आजाराने लवकर गेली, आणि बापलेक एकमेकांना सांभाळत राहिले. मेबलला नटी व्हायचे होते.

त्या काळी टीव्ही नुकताच आला होता. त्यावरची नाटके आधी टिपून ठेवलेली नसत. कलाकार स्टुडिओत बोलत आणि त्याच क्षणी लोक घरी बसून ऐकत. चूक झाली तर पुसायची सोय नव्हती. अशाच एका नाटकात मेबलला चिनी मोलकरणीचे काम मिळाले. स्टुडिओतली किटली पत्र्याची, वर रंग फासलेली. मेबलला हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी ती मलाच घेऊन गेली.

मग काय, आम्हा दोघींना कामे मिळू लागली! कधी वकिलाच्या घरी चहा, कधी हेराच्या घरी, एकदा तर भुताच्या घरीसुद्धा. प्रत्येक नाटकात पाहुण्यासारखे यायचे, चहा ओतायचा आणि निघून जायचे. मला मोठी मौज वाटे. पण संहितेत मेबलला कधी नाव नसे, नुसते ‘मोलकरीण’. आणि बोलायचे ते मोडके-तोडके.

“साहेब चा पिनार?” फोंगमालक तिची नक्कल करत. “बक्षिसं मिळवलीस ती याच्यासाठी? गिऱ्हाइकं हसतात, मेबल.”

“बाबा, सुरुवात तर होऊ दे.”

“सुरुवात होऊन किती दिवस झाले? अजून चहाच ओततेयस!”

“चहाची किटली तरी आपली आहे ना, मालक!” आतून वोंगकाका, म्हणजे आमचे स्वयंपाकी, ओरडत.

वोंगकाका सांगत, हॉटेलातल्या टीव्हीवर मेबल दिसू लागली की मालक पाठ फिरवून वाँटन, म्हणजे सारण भरलेल्या चिनी पुरचुंड्या, मुडपत बसतात. मग मला धुताना मेबलचा हात मध्येच थांबे, ते मला कळे.

अशात ती संध्याकाळ आली. नाटक एका श्रीमंत वकिलाचे. वकील झाला होता डग्लस मेरिल, नावाजलेला नट. मेबलने मला तबकात घेऊन यायचे, “चा, साहेब” म्हणायचे आणि दाराबाहेर जायचे. ती गेली की त्याच दारातून दरोडेखोराने पिस्तूल घेऊन आत यायचे.

मेबल आली, “चा, साहेब” म्हणाली, दाराकडे गेली. मूठ फिरवली, पण दार हलेना. ओल्या रंगाने चिकटले होते! पलीकडून दरोडेखोर ढकलतोय, इकडून मेबल ओढतेय, आणि सारा देश बघतोय. डग्लसच्या संहितेत पुढचे वाक्य होते, “कोण आहे?” आता ते म्हणायचे कोणाला? त्याच्या कपाळावर घाम तरारला. कॅमेऱ्यामागे दिग्दर्शक व्हिटलो केस उपटत होते.

मेबल शांतपणे परतली. तिने मला उचलले आणि बारीक धारेने चहा ओतू लागली.

डग्लसला दुसरे काही सुचेना. “तुझं... तुझं नाव काय गं?” त्याने विचारले.

तिच्या हाताची पकड माझ्या मुठीवर घट्ट झाली. मग ती बोलली, आणि आपल्या खऱ्या, स्वच्छ बोलीत बोलली.

“सिउ-लिन. आजवर या घरात कोणी विचारलं नव्हतं. बरं वाटलं.”

“कुठून आलीस तू?”

“पलीकडच्या गल्लीतून. इथलीच आहे मी, साहेब. माझ्या बाबांचं हॉटेल आहे.”

“हो? जेवण कसं असतं?” तो आता खरोखरच ऐकत होता.

“तुमच्याकडच्यापेक्षा बरं. रोज तुमचं उष्टं ताट मीच उचलते, म्हणून सांगते.”

डग्लस खदखदून हसला. कॅमेरावाल्याने ओठ दाताखाली दाबून धरला. डग्लस कप रिचवी आणि मेबल पुन्हा भरी. मी केव्हाच रिकामी झाले होते, तरी ती ओतत राहिली आणि तो “वा, वा” करत रिकामा कप पीत राहिला!

एवढ्यात भिंतीतल्या खोट्या शेकोटीच्या कागदी विटा ढासळल्या आणि दरोडेखोर रांगत आत आला. “हात वर!”

“चहा संपलाय,” मेबल म्हणाली, आणि हात वर केले.

नाटक संपताच व्हिटलो धावून आले. “मोलकरणीला एकच वाक्य दिलं होतं!”

“आणि दाराला एकच काम दिलं होतं,” मेबल म्हणाली.

“अहो, हिनं माझी अब्रू वाचवली!” डग्लस मध्ये पडला. तेवढ्यात टेलिफोन वाजला. तो ठेवला तोच पुन्हा वाजला. लोक विचारत होते, ती मुलगी कोण? पुन्हा कधी दिसणार?

आम्ही हॉटेलात पोचलो तेव्हा वोंगकाका दारातच उभे. “अगं, मालक पाठ फिरवून बसले होते. सिउ-लिन म्हणालीस आणि गर्रकन वळले. वाँटनचं सगळं ताट जमिनीवर!”

मालक डोळे पुसत होते. “कांदा झोंबला,” ते म्हणाले.

“वाँटनमध्ये कांदा कधीपासून घालायला लागलात?”

“तू गप रे!” मग ते मेबलकडे वळले. “तुझी आई अशीच बोलायची. सरळ तोंडावर. आणि काय गं, जेवण नुसतं ‘बरं’? ‘उत्तम’ म्हणायला काय झालं होतं?”

मेबल इतकी हसली, की तिला खुर्चीत बसवावे लागले.

पुढच्या महिन्यात तिला शिक्षिकेचे काम मिळाले. नाव होते, आडनाव होते. चहा मात्र नव्हता! खरे सांगते, मला क्षणभर वाईट वाटले. पण त्या दिवशी मी पहिल्यांदाच गल्ल्यावर बसून, सगळ्यांबरोबर तिला टीव्हीवर पाहिले. फोंगमालक सर्वांत पुढच्या खुर्चीत होते. कोणी सोया सॉस मागितला, तर म्हणाले, “शू! वर्ग चालू आहे!”

पुढे मेबलने लहानमोठी पुष्कळ कामे केली. हॉटेल बंद झाले तेव्हा मेबलच्या घरी कौतुकाने मला काचेच्या कपाटात ठेवण्यात आले. येणारा-जाणारा मला पाही, पण हात कोणी लावीना. पोटात धूळ साचली. अखेर मेबलच्या लहानग्या नातीने एका दुपारी हट्टाने मला बाहेर काढले. सगळे ओरडले, “फुटेल ती!”

“फुटेल तेव्हा फुटेल,” मेबल म्हणाली. “पाणी उकळलंय का ते बघ.”

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी जुनी वस्तू असेल. तिला जपा, पण कुलपात नव्हे. हाताळा, वापरा, तिच्या गोष्टी विचारा. त्या दुपारी उकळते पाणी पोटात पडले, चहाची पाने उलगडू लागली, आणि एवढ्या वर्षांनी माझ्या तोंडातून वाफ निघाली. ती पोर टाळ्या पिटत म्हणाली, “आजी, बघ, ही श्वास घेतेय!”