न वाचता दिलेली उत्तरं

अभ्यासपुस्तिका छापणाऱ्या त्या कचेरीत मुख्य संपादकांच्या खोलीबाहेर एक स्टूल होतं, आणि त्या स्टुलावर बसणाऱ्या शिपायाला सगळे अंतर्यामी म्हणत. हे नाव कुणी चेष्टेनं दिलेलं नव्हतं. ते त्यांनी कष्टानं, म्हणजे काहीही न वाचता, कमावलेलं होतं.

त्याचं असं झालं. फार पूर्वी कचेरीनं 'उतारा वाचा आणि उत्तरे लिहा' अशी एक पुस्तिका काढली आणि ती इतकी खपली, की साहेबांना संशय आला. चौकशी केली तेव्हा कळलं, की मुलं उतारा वाचतच नाहीत. थेट प्रश्नांवर उडी मारतात आणि पैकीच्या पैकी गुण घेऊन येतात. आई-बाप खूश, शिक्षक खूश, मुलं तर फारच खूश; एकटे साहेब तेवढे अस्वस्थ. त्यांनी नियम केला. यापुढे प्रत्येक उताऱ्याचे दहा प्रश्न आधी शिपायाला द्यायचे. उतारा मात्र दाखवायचा नाही. त्यानं चारापेक्षा जास्त उत्तरं बरोबर दिली, तर उतारा बाद.

नियम झाल्यापासून अठरा वर्षं अंतर्यामी उतारे बाद करत होते. उतारे लिहिणारे एक कवी तेवढे या नियमाला पुरून उरले होते. ते दहांतले सहा प्रश्न असे घालत: 'दुसऱ्या परिच्छेदाच्या चौथ्या ओळीत किती शब्द आहेत?' यापुढे अंतर्यामींचाही इलाज चालत नसे. मग त्यांचे बरोबर चार गुण होत, साहेब सही करत, आणि मुलं बिचारी परीक्षेत शब्द मोजत बसत.

उतारेबाईंना हे पटत नव्हतं. त्यांचं मूळ खातं प्रुफं तपासण्याचं. नऊ वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या वाक्यांतले स्वल्पविराम निवडले होते, तांदळातले खडे निवडावेत तसे. शेवटी अर्ज करकरून त्यांना सहा महिन्यांसाठी लेखनाच्या टेबलावर बसवण्यात आलं, आणि दहा वर्षांच्या मुलांसाठी 'समुद्र आणि निसर्ग' हा विभाग हाती आला. पहिले दोन उतारे अंतर्यामींनी खाल्ले. साहेबांनी निरोप दिला, की सोमवारी अकरा वाजता तिसरा आणि शेवटचा. तोही गेला, तर विभाग कवींकडे आणि बाई परत स्वल्पविरामांकडे.

पहिला उतारा होता समुद्रकिनाऱ्यावरच्या संध्याकाळचा. त्यात अंतर्यामींना नऊ गुण मिळाले. एकच उत्तर चुकलं: लेखिकेनं किती शिंपले वेचले? त्यांनी पाच लिहिलं होतं, उताऱ्यात सात होते. "सातच लिहिणार होतो," ते दिलगिरीनं म्हणाले, "पण तुम्ही बेताच्या वाटलात."

बाकीचं कसं ओळखलंत, असं बाईंनी विचारल्यावर त्यांनी कानावरची पेन्सिल काढून शांतपणे समजावून सांगितलं. समुद्राच्या धड्यात सूर्य मावळतोच. अठरा वर्षांत एकदाही उगवलेला नाही. लाटा कुजबुजतात. कवितेत कवीला काय वाटतं असं विचारलं, तर हुरहूर वाटते. आणि शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'आपण निसर्ग जपला पाहिजे', मग धडा कशाचा का असेना. एकदा तर त्यांनी ते सायकल दुरुस्तीच्या उताऱ्याला लिहिलं होतं आणि बरोबर आलं होतं.

दुसऱ्या उताऱ्यात बाईंनी माहिती ठासून भरली. देवमाशाचं वजन, भरती-ओहोटीचं गणित, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. अंतर्यामींना सात गुण. जो पर्याय सगळ्यांत लांब तो बरोबर, असं त्यांचं म्हणणं. लिहिणारा माणूस खरं बोलताना जपून बोलतो, त्यामुळे वाक्य लांबतं. खोटं काय, दोन शब्दांत उरकतं.

तेव्हा रविवारी सकाळी उतारेबाई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कोरा कागद घेऊन बसल्या होत्या, आणि त्यांचे सासरे शेगडीवर सूप करत होते. नवरा मुलीला घेऊन पोहायला गेला होता. रविवारचा स्वयंपाक सासऱ्यांकडे असे, कारण एकतीस वर्षं ते मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होते आणि घरातल्या कुणाच्याही स्वयंपाकाला नावं ठेवायचा अधिकार फक्त त्यांना होता. त्यांनी तो वापरण्यापेक्षा स्वतःच स्वयंपाक केलेला बरा, असं घरच्यांनी ठरवलं होतं.

आता वाचकांना वाटेल, की घरात एवढा समुद्र पाळलेला असताना बाई किनाऱ्यावर शिंपले कशाला वेचत होत्या. पण काखेत कळसा म्हणतात तो असाच असतो. बाईंना आत्ता तो आठवला.

"बाबा, समुद्र कसा असतो हो?"

"मला काय विचारतेस?" सासरे म्हणाले. "मी कुठे पाहिलाय?"

बाईंना वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. पण ते गंभीर होते. जहाजावरच्या स्वयंपाकघराला एकच गोल खिडकी, ती भांडी घासायच्या जागेवर, आणि तिच्यावर कायम वाफ. एकतीस वर्षांत त्या खिडकीतून त्यांना वाफ दिसली. समुद्र बघायला वर डेकवर जावं, तर खाली कांदे करपत. एकदा देवमासा आला म्हणून सगळे धावले होते. हे पोचेपर्यंत मासा गेला होता आणि सगळे भुकेले होऊन परत येत होते.

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. प्रुफांच्या खात्यातली आपली जुनी खुर्ची त्यांना दिसायला लागली; तिचा एक पाय आखूड होता.

सासऱ्यांनी सूप दुसऱ्या पातेल्यात ओतलं. पातेलं अर्धं भरलं आणि ते थांबले. उरलेलं तिसऱ्या पातेल्यात ओतलं, तेही अर्धंच. लग्न होऊन बारा वर्षं बाई हे बघत होत्या आणि दर रविवारी तीन पातेली घासत होत्या.

"एकात मावलं असतं की."

"मावलं असतं. पण राहिलं असतं का?" सासरे म्हणाले, आणि मग जणू कुणीतरी झाकण उचलावं तसे बोलत सुटले.

भांडं निम्म्याच्या वर भरायचं नाही, कारण उरलेलं निम्मं समुद्राचं. शेगडीभोवती लोखंडी कठडा, तरी पातेल्याला दोरी. ताटाखाली ओलं फडकं, नाहीतर जेवण शेजाऱ्याच्या पुढ्यात जातं आणि भांडणं होतात. वादळ येणार हे कप्तानाला आकाशावरून कळे, यांना अंड्यांवरून. टोपलीतली अंडी एकमेकांना हळूच टकटक करायला लागली, की सहा तासांत हवा बिघडणार. कप्तान वरून माणूस पाठवून विचारत असे, अंडी काय म्हणतायत.

"मग भीती वाटत असेल," बाई म्हणाल्या. त्यांची पेन्सिल एव्हाना कागदावर पळत होती.

"छे गं. वादळ मला फार आवडायचं. वादळात कुणी जेवत नाही, आणि जो जेवतो तो काही बोलत नाही. समुद्र शांत असला की बघ. सगळे स्वस्थ बसून सावकाश जेवणार, आणि एकेकाला आपल्या आईच्या हातची चव आठवणार. पंधरा दिवस समुद्र शांत राहिला, की मी नोकरी सोडायचा विचार करायचो."

सुपाला उकळी फुटली. सासऱ्यांनी आच कमी केली आणि जरा वेळ ढवळत राहिले. मग म्हणाले, की कायमचा घरी आलो त्या दिवशी तुझ्या सासूनं चहा दिला, काठोकाठ भरून. मी तो हातात धरून तसाच उभा राहिलो. ती म्हणाली, घ्या की, निवतोय. तिला काय सांगणार? मी जमीन हलायची वाट बघत होतो.

बाईंनी एवढं लिहिलं आणि थांबल्या. त्यात ना सूर्य होता, ना शिंपला, ना लाटांची कुजबुज. पण कागद पुन्हा वाचताना त्यांना पायांखाली काहीतरी डुलल्यासारखं वाटलं, आणि ते सुपामुळे नव्हतं.

सोमवारी अकराला साहेबांच्या खोलीत दहा प्रश्नांचा कागद अंतर्यामींच्या हाती देण्यात आला. त्यांनी नेहमीप्रमाणे पेन्सिल कानावरून काढली, नेहमीप्रमाणे पाच मिनिटांत परत कानावर ठेवली. साहेब तपासायला बसले.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून काय दिसे? मावळता सूर्य. चूक. वादळ येणार हे स्वयंपाक्याला कशावरून कळे? पक्षी घरट्यांकडे परतत, त्यावरून. चूक. तो भांडं अर्धंच का भरी? काटकसर हा त्याचा स्वभाव होता. चूक. समुद्र शांत असला की त्याला काळजी का वाटे? ती वादळापूर्वीची शांतता असे. हे तर साहेबांनीही बरोबर धरलं होतं. बाईंची उत्तरसूची पाहून त्यांनी खोडलं. बोटीवरची वर्षं तेवढी जमली. उताऱ्यातली माणसं तीस वर्षं सेवा करतात, आणि कुणालाही तिसाव्या वर्षी सोडवत नाही, म्हणून एकतीस, असा अंतर्यामींचा हिशेब होता.

दहांपैकी एक.

उतारेबाई आभार मानणार एवढ्यात साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"बाई, हे काही बरोबर दिसत नाही."

बाईंनी नम्रपणे आठवण करून दिली, की नियमाप्रमाणे गुण चारच्या वर गेले नाहीत की उतारा पास. साहेबांनी ते मान्य केलं. पण नियम नियमाच्या जागी आणि अनुभव अनुभवाच्या, असं त्यांचं म्हणणं पडलं. अठरा वर्षांत अंतर्यामींना चारच्या खाली कुणी आणलं नव्हतं. अनुभवी माणसाला जे न वाचता येत नाही, ते दहा वर्षांच्या पोरांना वाचून तरी कसं येणार? तेव्हा प्रश्नांतच खोट असली पाहिजे. शिवाय यात सूर्यास्त नाही. समुद्राच्या विभागात सूर्यास्त नाही हे शाळांना काय सांगायचं?

असा न्याय पूर्वी कधी झाला नसेल असं नाही. पण बाईंना तो पहिल्यांदाच लागू होत होता. त्या काही बोलणार, तोच अंतर्यामी खाकरले.

"साहेब, मला तो उतारा वाचायला द्या."

साहेबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू स्टुलानंच बसायला खुर्ची मागितली. अंतर्यामींनी उतारा वाचायचा नाही, यावरच तर सारी व्यवस्था उभी होती. एकदा वाचायची सवय लागली की माणूस या कामातून गेला.

"अठरा वर्षं उत्तरं देतोय," अंतर्यामी म्हणाले. "प्रश्न कशाबद्दल होता, ते एकदाही कळलेलं नाही. आधी कळावंसं वाटलं नाही, कारण माहीतच असायचं. हे अंड्यांचं काय आहे ते मला कळलंच पाहिजे."

बाईंनी साहेबांच्या परवानगीची वाट पाहिली नाही. नऊ वर्षं स्वल्पविराम जागेवर ठेवणाऱ्या बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा मध्येच हात घातला आणि कागद अंतर्यामींच्या हातात ठेवला.

ते बाहेर जाऊन स्टुलावर बसले. ओळीखाली बोट धरून वाचू लागले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. टेलिफोन वाजला, तो त्यांनी उचलला नाही. एका ठिकाणी ते मोठ्यानं हसले. कवींनी टेबलावरून मान वर करून पाहिलं. त्या कचेरीत आजवर उताऱ्याला कुणी हसलेलं नव्हतं. त्यानंतर एका ठिकाणी त्यांचं बोट थांबलं ते थांबलंच. बाईंना दारातून तेवढं बोट दिसत होतं. शेवटचा परिच्छेद, खालून तिसरी ओळ.

पंचवीस मिनिटांनी ते आत आले आणि दहाही उत्तरं नव्यानं लिहून दिली. साहेबांनी तपासली. नऊ सरळ सरळ बरोबर. दहाव्यापाशी ते अडले. प्रश्न होता, भरलेला पेला हातात घेऊन स्वयंपाकी का थांबला? बाईंच्या उत्तरसूचीत लिहिलं होतं, 'जमीन हलेल असे त्याला वाटले.' अंतर्यामींनी लिहिलं होतं, 'तो घरी आला होता, पण त्याचे हात अजून यायचे होते.'

साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग उत्तरसूचीतलं बाईंचं वाक्य खोडून तिथे अंतर्यामींचं लिहिलं, खाली सही केली आणि कागद छपाईच्या टोपलीत टाकला. बाईंना ते एवढंच म्हणाले, की पुढचा उतारा जंगलावर हवा, पंधरा तारखेपर्यंत. म्हणजे बाई लेखनाच्या टेबलावर राहिल्या. आखूड पायाच्या खुर्चीला दुसरं कुणी शोधावं लागणार होतं.

खरी पंचाईत वेगळीच होती. अंतर्यामी आता वाचणारे झाले होते, तेव्हा न वाचता उत्तरं कोण देणार? कवींचं नाव निघालं, पण ते प्रत्येक उत्तर यमकात देत. शेवटी साहेब म्हणाले, की ते काम यापुढे मीच बघेन. त्यांचा त्यातला अनुभव कचेरीत सगळ्यांनाच ठाऊक होता.

बाई बाहेर आल्या तेव्हा अंतर्यामी परत स्टुलावर होते आणि उतारा त्यांच्या मांडीवर.

"बाई, एक विचारू? सगळ्यांना वाढून झालं की तो स्वयंपाकी स्वतः कुठे बसून जेवायचा?"

"ते उताऱ्यात नाही."

"म्हणून तर विचारतोय."

बारा वर्षं एका घरात राहून त्यांनी हे सासऱ्यांना कधी विचारलेलं नव्हतं. संध्याकाळी विचारून उद्या सांगते, असं त्या म्हणाल्या.

"विसरू नका," अंतर्यामी म्हणाले, आणि पुन्हा पहिल्या ओळीखाली बोट धरून वाचायला लागले. आतून साहेबांची घंटा वाजत होती. अंतर्यामी म्हणाले, वाजू दे.