चुंबकानं सोडलं की

मूर्तिकाराने छिन्नी तिसऱ्यांदा परत आणली, तेव्हा लोहाराने कोळशाला शिव्या घातल्या. आधीच्या दोन वेळा त्या पोलादाच्या वाट्याला आल्या होत्या. दगडाला लागताच धार वाकत होती, म्हणजे पोलाद कडक करायला पाजतात ते पाणी नीट पाजलं गेलं नव्हतं.

"या वेळी नाही जमलं, तर मला दुसरीकडे जावं लागेल," मूर्तिकार अवघडून म्हणाला. चाळीस वर्षांचं गिऱ्हाईक ते!

पोलाद अमुक एका लाल रंगावर आलं की पाण्यात बुडवायचं. तो लाल रंग लोहाराला वर्षभर दिसतच नव्हता. कुणाला सांगायची लाज वाटत होती, दुसरं काय!

दुपारी लेक डबा घेऊन आली. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची ती.

"बाबा, डोळे दाखवले का?"

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?"

तिने पर्समधून दोरीला बांधलेला चुंबक काढला आणि भट्टीतून काढलेल्या छिन्नीजवळ धरला. तो टचकन चिकटला. छिन्नी आणखी तापवून पाहिली, तर चुंबक ओळखपाळख नसल्यासारखा नुसता लोंबत राहिला.

"सोडलं बघा! आता जराशी अजून तापू द्या, मग बुडवा."

"अगं पण सोडलं कशानं?"

"लोखंडातला एकेक इलेक्ट्रॉन म्हणजे इवलासा चुंबक. सगळ्यांवर विजेचा भार सारखाच, म्हणून ते एकमेकांना ढकलतात. पण ज्यांची तोंडं एकाच दिशेला, त्यांना निसर्गाचा नियमच फार जवळ येऊ देत नाही. लांब राहिले की ढकलाढकली कमी. म्हणून लोखंडात शेजारी-शेजारी एकीकडेच तोंड करतात. फार तापलं की धुडगूस, ज्याचं तोंड त्याच्या दिशेला. मग चुंबकाला दाद कोण देणार?"

"म्हणजे अंतर ठेवलं की एकमत!" लोहार खो खो हसला. "म्हणूनच मी भट्टीवर अन् तुझी आई घरात."

"आईला सांगू? आणि चुंबक टेकवून ठेवू नका, तापला तर तोही कामातून जाईल."

छिन्नी चर्र करून पाण्यात गेली. लोहाराने तिच्यावर कानस घासली. कानस नुसतीच घसरली, ओरखडासुद्धा उठला नाही. धार पक्की कडक झाली होती.

"रंग दिसत नाही गं मला," तो छिन्नीकडे बघत म्हणाला.

"ठाऊक आहे. दोन महिने हा चुंबक पर्समध्ये घेऊन फिरतेय. काढायचा धीर होत नव्हता."

लोहाराने नाक ओढलं, भिंतीत एक खिळा ठोकला आणि चुंबक आपल्या वडिलांच्या हातोड्याशेजारी टांगला.

"उद्या डोळे दाखवायला जाऊ," तो म्हणाला. "आधी मूर्तिकाराला फोन लाव."