खंडेनवमीची बॅट

माझ्या नवऱ्याच्या जोडधंद्याची मला किळस येते. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाचा गैरसमज नको. परेश औषधांच्या कारखान्यात व्हॅलिडेशनमध्ये, म्हणजे तपासण्यांच्या नोंदी ठेवायच्या खात्यात आहे. तिथला नियम असा, की कागदावर नाही ते घडलंच नाही. परेशने तो नियम उलटा करून घरी आणला. कागदावर आहे ना, मग ते घडलं! एवढ्या भांडवलावर त्याने इंटरनेटवर, कोणालाही माल विकू देणाऱ्या एका वेबसाइटवर, दुकान थाटलं. प्रत्यक्ष सामन्यात वापरलेल्या बॅटी, ग्लोव्हज, घामाने पिवळ्या पडलेल्या टोप्या. परक्या माणसाच्या घामालाही गिऱ्हाईक असतं हे मला त्याच्यामुळे कळलं. डब्लिनजवळच्या ॲडम्सटाउनच्या आमच्या घरात कोट काढायला जिन्याखालचं कपाट उघडलं, की कोणाकोणाच्या पॅडचा कुबट वास अंगावर येतो आणि जेवणावरची वासना उडते.

पण वास खरा होता, म्हणून मालही खरा असेल असं मी धरून चालले होते. क्रिकेट क्लबमधल्या ओळखीतून येतो, असं परेश सांगायचा.

ऑक्टोबरात बाबा आमच्याकडे आले. माझे वडील, सुभाष पाटणकर. कोर्टातली नोकरी सांभाळून त्यांनी रणजी सामन्यांपर्यंत पंचगिरी केली. आमच्या घरात रामायणापेक्षा बाबांच्या निर्णयांच्या गोष्टी जास्त झाल्या. एकदा कराडला त्यांनी पुढाऱ्याच्या मुलाला पायचीत दिलं. त्या रात्री कोणीतरी आमच्या स्कूटरची सीट फाडली. बाबा पुढे कित्येक दिवस त्या फाटक्या सीटवर टॉवेल टाकून मुद्दाम त्याच पुढाऱ्याच्या दारावरून कोर्टात जायचे. आम्हा भावंडांना दुसरी इस्टेट मिळाली नाही आणि तिची गरजही वाटली नाही.

आल्या आल्या खंडेनवमी होती. बाबांनी हौसेने पूजा मांडली. शस्त्रं कुठून आणणार? माझा लॅपटॉप, गाडीची किल्ली, ड्रिल मशीन, मिक्सर आणि परेशची एक बॅट. झेंडू मिळाला नाही म्हणून सुपरमार्केटातली पिवळी शेवंती. बाबांनी सगळ्यांना हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या. मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. परदेशातही कसं सगळं साग्रसंगीत करतो, हे दाखवायची खाज मलाही आहेच.

त्यानंतर बाबांचे दिवस मजेत जाऊ लागले. एरवी कोणाचेही आईवडील इथे आले की आठवड्याभरात खिडकीपाशी बसून परतीची तारीख मोजतात. बाबा मात्र मागच्या शेडमध्ये लाकडी हातोडीने बॅटी ठोकत बसायचे. नवी बॅट अशी ठोकून मुरवावी लागते, एवढं मलाही माहीत होतं. क्लबातल्या पोरांच्या नव्या बॅटी मुरवून जावयाला मदत करतात, वेळ जातो, बरं झालं, असं मला वाटायचं.

डिसेंबरातल्या एका शनिवारी दुपारी मला गॉलवेहून फोन आला. श्रावणी नावाची मुलगी, तिथे पीएचडी करणारी. परेशला कामावर मोबाईल जवळ ठेवता येत नाही, म्हणून पार्सलवर तो माझा नंबर घालतो.

"ताई, तुम्ही मराठी आहात ना? आडनावावरून वाटलं. मग एक सांगा, न्यूझीलंडचा प्लेयर बॅटची पूजा कशाला करेल?"

मला काही कळेना. तिने सगळं सांगितलं. त्यांचे आयरिश प्रोफेसर निवृत्त होत होते, क्रिकेटचे वेडे. लॅबमधल्या सगळ्यांनी मिळून त्यांना भेट म्हणून आमच्या दुकानातून एक बॅट घेतली. उन्हाळ्यात डब्लिनला झालेल्या सामन्यात एका नामवंत न्यूझीलंडरने शतक ठोकताना वापरलेली, असं त्यावर लिहिलेलं. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, त्या बिचाऱ्याला यातलं काही ठाऊक नाही.

"युअर मॅन, म्हणजे आमचे प्रोफेसर, एकदम खूष, ताई. ग्रँड, ग्रँड म्हणत भिंतीवर लावणार होते. मी पुसायला घेतली तर दांड्याच्या सांध्यातून ओल्या कपड्यावर गुलाबी उतरलं. आणि ग्रिपच्या रबराखाली तांदळाचा दाणा. अहो, कुंकू मला कळत नाही का? वेबसाइटवर तक्रार टाकली, तर म्हणतात सर्टिफिकेट आहे, मग बॅट ऑथेंटिक."

मी हसले. म्हटलं, "अगं, ती आमच्याकडे पूजेत होती. सामना उन्हाळ्यातला, खंडेनवमी ऑक्टोबरातली. त्यात काय एवढं? फोटो पाठवते थांब."

"असं असेल तर सॉरी हं, ताई," ती म्हणाली. "पण सर्टिफिकेटवर ज्या अंपायरची सही आहे, तो खरा आहे का हो? मी खूप शोधलं, कुठेच सापडत नाही. सुभाष पाटणकर, फॉर्मर फर्स्ट-क्लास अंपायर, इंडिया. सामन्याच्या फोटोंशी ताडून पाहिली, असं लिहिलंय त्यांनी."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. ते माझे वडील आहेत, हे शब्द ओठांवर आले आणि तिथेच थांबले. मी विचारून सांगते म्हटलं आणि फोन ठेवला.

मग तो पूजेचा फोटो काढला. लिक्सलिपच्या संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात मी दिवसभर दोन फोटो शेजारी ठेवून त्यांतला फरक शोधते, त्यावरच माझं पोट चालतं. दुकानाच्या पानावरचा बॅटचा फोटो आणि आमचा पूजेचा फोटो मी तसेच शेजारी ठेवले. लाकडाच्या उभ्या रेषा त्याच. खालच्या डाव्या कोपऱ्यातला तपकिरी डाग तोच. बॅट तीच होती. फक्त दुकानाच्या फोटोत तिच्यावर लाल चेंडूचे ठसे होते, कडा फुटल्या होत्या. आणि आमच्या पूजेत, हळदकुंकवाचं बोट सोडलं तर, ती पांढरीशुभ्र, कोरी करकरीत होती, कोपऱ्याला प्लॅस्टिकसुद्धा तसंच. उन्हाळ्यात शतक ठोकलेली बॅट ऑक्टोबरात कोरी!

परेश स्वयंपाकघरात बबल रॅप कापत होता. मी फोन त्याच्या नाकासमोर धरला आणि श्रावणीचं, तिच्या प्रोफेसरांचं सांगितलं. त्याने पाहिलं आणि कात्री खाली ठेवण्याचेही कष्ट घेतले नाहीत.

"भिंतीवर तर लावायचीय, यार. कोण खेळणार आहे तिने? म्हातारा खूष झाला ना? लाकूड तेच, चेंडू तसाच. आणि पेपरवर्क क्लीन आहे."

"त्या पेपरवर्कवर माझ्या बापाचं नाव आहे. ते तुला जावई मानतात आणि तू त्यांना फसवून सही घेतलीस? लाज वाटली नाही तुला?"

तो माझ्याकडे पाहून हसला. नवऱ्याचं हसू इतकं चिकट असू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं.

"फसवून?" तो म्हणाला. "बाबांनाच विचार ना."

मी तशीच मागच्या दाराने शेडमध्ये गेले. बाबा कानटोपी घालून स्टुलावर बसले होते. मांडीवर नवी बॅट, हातात पायमोज्यात घातलेला लाल चेंडू. मोज्याचं टोक धरून ते तो चेंडू बॅटच्या बाहेरच्या कडेवर आपटत होते. एक ठसा उठला की बॅट उजेडात धरून बघायचे, मान तिरकी करून, एखादा आचारी रस्सा चाखतो तसे.

मला वाटलं होतं, मी त्यांना सावरायला चालले आहे. कसं सांगायचं, याची वाक्यं जुळवत गेले होते. सांगायला काही उरलंच नव्हतं.

"बाबा, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"ठाऊक असायला काय, मीच तर शिकवलं त्याला," बाबा म्हणाले. "तो गाढव मधोमध सगळे ठसे मारायचा. अशी बॅट कोणाचीच नसते, विभा. खऱ्या बॅटला कड लागते, चुकलेले फटके लागतात. प्रत्येक खेळाडूची चूक वेगळी असते. त्या न्यूझीलंडरचा चेंडू कडेला लागतो, मी फोटो बघूनच ठसे बसवले. ताडून पाहिली असं लिहिलंय ते खोटं नाही."

असं म्हणून ते चक्क खुशीत हसले. मला बाबांचीही किळस आली. परेशची किळस ही सवयीची होती, रोज भांडी घासताना येते तशी. ही आतून, खोलवरून आली. या माणसाच्या नावावर मी जन्मभर ताठ मानेने फिरले होते.

"का, बाबा?"

त्यांनी बॅट मांडीवरून खाली ठेवली. मग मोज्यातला चेंडू हातात फिरवत म्हणाले, "कराडला आता मला विचारतं कोण? इथे तर मी कोण हेही कोणाला माहीत नाही. परेशने विचारलं. नाव छापलं. इंग्लिशमध्ये, मोठ्या अक्षरात. बरं वाटलं."

मी त्यांना श्रावणीचं सगळं सांगितलं. कुंकू, तांदळाचा दाणा, प्रोफेसर. त्यांना शरम वाटेल, निदान मान तरी खाली जाईल, म्हणून मी वाट पाहत राहिले. कुंकवाचं ऐकून ते फक्त चुकचुकले, पुसायला हवं होतं म्हणाले. पण तिने नाव शोधलं आणि सापडलं नाही, हे ऐकल्यावर मात्र त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"सापडलं नाही? नीट शोधलं का तिनं?" ते स्टुलावरून उठले. "तिला सांग, मी खरा आहे. घरी फोटो आहेत, स्कोअरबुकं आहेत. सगळं खोटं म्हण हवं तर, पण पंच खरा आहे म्हणून सांग. आत्ता सांग."

मी तिथेच दारात उभं राहून श्रावणीला लिहिलं. बॅट खोटी आहे, हे दोन फोटो वेबसाइटला पाठव, तुझे पैसे परत मिळतील. लगेच तिचं उत्तर आलं. थँक्यू ताई, आणि ते अंपायर?

बाबा माझ्याकडे बघत होते.

सुभाष पाटणकर नावाचा कोणी पंच नाही, मी लिहिलं. पाठवलं.

"सांगितलंस?" बाबांनी विचारलं.

"सांगितलं," मी म्हणाले.