न विचारता कापलेले केस

मित्रांनो, मी दाढी-कटिंगच्या दुकानातली एक जुनी खुर्ची आहे. माझं रेक्झिन फाटलं आहे, आतला काथ्या बाहेर डोकावतो आणि उजवा हात जरा लुळा पडला आहे. थोडे जवळ या, म्हणजे मला मोठ्याने बोलावं लागणार नाही. माझा आवाज करकरतो.

माझा जन्म लोखंड ओतण्याच्या कारखान्यात झाला. वितळलेलं लोखंड साच्यात उतरताना जो लाल उजेड पडतो, ती माझी पहिली आठवण. मग सुताराने लाकडी हात बसवले, गादीवाल्याने काथ्या भरला, आणि शेवटी कुणीतरी मला एक गिरकी देऊन पाहिली. त्या वेळी सगळं जग माझ्याभोवती फिरतं आहे असं मला वाटलं. ही समजूत पुढे बरीच वर्षं टिकली.

ज्यांनी मला विकत आणलं ते माझे मालक. हडकुळे, मितभाषी आणि हाताने फार हलके. त्यांचं दुकान अरुंद होतं. समोरासमोर दोन मोठे आरसे होते, त्यामुळे आरशात आरसा दिसे, त्यात पुन्हा दुकान, पुन्हा मी, आणि असं करत करत शेवटचं दुकान हिरवट धुक्यात बुडून जाई. दुपारी रस्ता शांत झाला, की त्यातल्या नेमक्या कुठल्या दुकानात मी आहे, हे मलाच कळेनासं होई.

माझ्यावर बसलं की माणसांना झोप लागायची. फेसाचा ब्रश गालावर गोल गोल फिरू लागला, की भले भले डुलक्या घ्यायचे. त्यांची डोकी माझ्या उशीवर टेकलेली असत, आणि मला वाटतं त्यांची स्वप्नं उशीत झिरपत असावीत. मी समुद्र कधी पाहिलेला नाही, तरी तो मला ओळखीचा वाटतो.

मालकांची एक सवय होती. गिऱ्हाईक रोजचं असो नाहीतर पहिल्यांदा आलेलं, कात्री उचलण्याआधी ते विचारायचे, किती कमी करू? फळीवर बसवलेल्या लहान मुलालाही विचारायचे. लहान मुलांसाठी माझ्या दोन हातांवर एक फळी आडवी टाकत, म्हणजे त्यांचं डोकं आरशापर्यंत पोचे. त्या फळीवर सगळ्यात जास्त बसली ती मालकांची मुलगी. ती माझा पाय धरून सरसर वर चढायची, म्हणून तिला सगळे खारू म्हणत.

खारूची आई कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायची आणि पहिल्या पाळीला अंधारातच निघायची. त्यामुळे खारूची वेणी घालायचं काम बाबांकडे होतं. दुकान उघडण्याआधी ते तिला फळीवर बसवत, बारीक दातांच्या फणीने केस विंचरत, एक एक बट उजेडात धरून पाहत. खारू अर्धवट झोपेत रात्रीचं स्वप्न सांगत असे. तिच्या स्वप्नात बहुतेक वेळा मी असे, आणि मी उडत असे. मित्रांनो, माझं वजन पाहता ही गोष्ट मला फार सुखाची वाटायची.

त्या केसांखाली एक गोष्ट होती. खारूच्या कानामागून मानेवर उतरलेली, तळहाताएवढी जांभळट जन्मखूण. डॉक्टर म्हणाले होते, काही धोका नाही, फक्त रंग आहे. पण तिच्यावरून आईबाबांचं एकदा दुकानातच वाजलं होतं. बाबांचं म्हणणं, आतापासूनच केस आखूड ठेवू, लोकांच्या नजरेला सवय झाली की पोरगी सुटेल. आईला ते पटेना. ती म्हणाली, खारू लाजरी आहे, अनोळखी माणूस दिसला की माझ्या पाठीमागे लपते, तिला एवढ्यात कशाला उघड्यावर आणायचं? दोघं बराच वेळ भांडले. मग आई म्हणाली, "मान तिची आहे. उघडी कधी टाकायची ते तिला ठरवू दे."

बाबांनी फणी खिशात ठेवली आणि मान डोलावली. ते घरचं ठरलं. ठरवायला त्यांना एक संध्याकाळ लागली होती, आणि त्यात दोघांचंही थोडं थोडं मन मोडलं होतं.

त्या वर्षी शाळेत उवांची साथ आली. आरोग्य खात्याने मोहीम काढली. वरून आदेश आला, की सगळ्या मुलांची डोकी तपासायची आणि केस बारीक करायचे. हेडमास्तरांनी मुलांना एवढंच सांगितलं की उद्या तपासणी आहे, नीट विंचरून या. बाबांनी त्या सकाळी जरा जास्तच वेळ विंचरलं. खारूच्या डोक्यात लीख नावाला नव्हती, हे मी शपथेवर सांगेन.

पुढे काय झालं ते मी खारूच्याच तोंडून ऐकलं. व्हरांड्यात रांग होती. खात्याची माणसं मशीन घेऊन बसली होती. एका बाईंनी तिचं डोकं पाहिलं आणि चांगलं स्वच्छ आहे म्हणाल्या. खारू उठायला लागली. तेव्हा दुसऱ्याने तिला खांदा धरून परत बसवलं, कारण एकीला सोडलं तर बाकीच्यांचे आईबाप विचारतील. खारू म्हणाली, माझ्या बाबांना विचारा. तो माणूस हसला. म्हणाला, बाबांना काय विचारायचं, त्यांचा तर धंदाच आहे.

ती दुपारी घरी आली ती मानेवर हात ठेवून. फळी न मागता माझ्यावर चढली आणि उलटी बसली, तोंड माझ्या पाठीत खुपसून. मालकांनी गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवर सोडलं. तिच्या डोक्यावर मशीनच्या पायऱ्या पडल्या होत्या, कुठे खोल, कुठे उंच, आणि मानेवरची जांभळी खूण सगळ्या दुकानाला दिसत होती. त्यांनी सारखं करायला कात्री उचलली. खारूने मान आखडून घेतली. त्यांनी कात्री खाली ठेवली. ते गिऱ्हाईक तसंच, एका गालावर वाळलेला फेस घेऊन, गुपचूप उठून गेलं.

त्या दुपारी मी आरशात पाहिलं, तर सगळ्या दुकानांत एकेक लहान मुलगी पाठ करून बसलेली होती, अगदी धुक्यातल्या दुकानातसुद्धा.

दुसऱ्या दिवशी आईने पाळी बुडवली आणि शाळेत गेली. परत आली तेव्हा तिचा चेहरा दगडासारखा होता. तिथे काय बोलणं झालं ते तिने केस झाडत असलेल्या मालकांना सांगितलं. हेडमास्तर म्हणाले, आदेश वरचा आहे, त्याला पालकांची परवानगी लागत नाही. फाटकाच्या आत मूल आमचं.

"मग तू काय म्हणालीस?" बाबांनी विचारलं.

"म्हटलं, आणि काल घरी येऊन रडलं ते कुणाचं?"



खारू शाळेत दोन-तीनदा गेली. मुलांनी तिचं नाव नकाशा ठेवलं. कुठला देश आहे गं, म्हणून मानेला बोट लावून पाहत. मग ती जाईना. सकाळी दप्तर घेऊन माझ्याजवळ यायची, माझ्या पायाला पाठ लावून खाली बसायची आणि तिथेच राहायची. स्वप्न सांगणं तिने सोडून दिलं होतं. मी उडते की नाही, हे मला आता कळायला मार्ग नव्हता.

काही दिवसांनी शिक्षण कचेरीतून एक माणूस आला. मुलगी गैरहजर आहे, पालकांचं दुर्लक्ष आहे असं लिहावं लागेल, मग पुढची कारवाई होईल, असं त्याने शांतपणे सांगितलं. पुढची म्हणजे काय, असं आईने विचारलं. तो म्हणाला, घरी येऊन पाहतील मुलगी कशी ठेवली आहे ते. वेळ पडली तर तिला वसतिगृहात घालतील. तो माणूस वाईट नव्हता. जाता जाता त्याने खारूकडे बघून हसायचा प्रयत्नही केला. पण तो गेल्यावर बाबांच्या हातातला वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर नुसताच वर-खाली होत राहिला, धार लागून गेली तरी.

बाबा खचले. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, म्हणाले. पाठवू तिला, होईल सवय. आई म्हणाली, मी ओढून नेणार नाही, एकदा ओढलं तेवढं पुरे झालं. दुकानामागेच घर होतं, त्या दिवशी जेवणाच्या वेळी मला भांड्यांचे आवाज ऐकू येत होते, माणसांचे नाही.

मग सुट्टीचा दिवस आला. दर सुट्टीला हेडमास्तर दाढीला यायचे, वर्षानुवर्षं. मला वाटलं, आता येणार नाहीत. पण ते आले, आणि सवयीने माझ्यावर बसले. हेडमास्तर एरवी फेस लागताच झोपी जात. त्या दिवशी त्यांचं डोकं माझ्या उशीवर टेकलंच नाही, मान ताठ होती.

मालकांनी दाढी नेहमीसारखी केली, एक ओरखडा नाही. मग मिशीपाशी हात थांबला. हेडमास्तरांची मिशी झुपकेदार होती आणि तिच्यावर त्यांचा फार जीव होता.

"कडेने थोडी कमी करू का?"

"नको. आहे तशी राहू द्या."

"बरं." मालकांनी कात्री बाजूला ठेवली. "सर, इतकी वर्षं येताय. तुमच्या मिशीचा एक केस मी विचारल्याशिवाय कापला नाही. तुम्ही झोपलेले असलात, तर उठवून विचारलंय."

हेडमास्तर आरशात बघत हळू आवाजात सांगू लागले. मागच्या वर्षी एका मुलाच्या डोक्यात जखमा झाल्या होत्या. घरात कुणाचं लक्ष नव्हतं. त्यांनीच त्याला उचलून दवाखान्यात नेलं होतं. तेव्हा घरी विचारत बसलो असतो तर काय झालं असतं?

"त्याला नेलंत ते चांगलंच केलंत," मालक म्हणाले. "माझ्या पोरीच्या डोक्यात काय निघालं?"

"काही नाही."

"खुर्चीत बसलेलं माणूस माझ्या हाताखाली असतं, सर. त्याला उठता येत नाही. म्हणून तर विचारायचं."

मित्रांनो, हे ते रागाने बोलले नाहीत. टॉवेल गरम पाण्यात पिळता पिळता बोलले, आणि तो टॉवेल त्यांनी हेडमास्तरांच्या चेहऱ्यावर नेहमीइतक्याच हळुवारपणे ठेवला. टॉवेलखाली माणूस काय करतो ते कुणाला दिसत नाही. मला मात्र त्यांचं डोकं उशीवर टेकल्याचं जाणवलं. ते खूप जड होतं.

दोन दिवस गेले. संध्याकाळी उन्हाचा एक तिरपा पट्टा दुकानात येतो, तेव्हा हेडमास्तर दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत. मालकांनी मला झटकून त्यांच्याकडे वळवलं, पण त्यांनी मान हलवली. ते खाली बसलेल्या खारूकडे बघत होते.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "तुला शाळेत यावंसं वाटतं का?"

खारूने बाबांकडे पाहिलं. बाबांनी फणी खिशात ठेवली. आई मागच्या दारात येऊन उभी होती. खारूने बराच विचार केला. एवढा वेळ मोठ्या माणसाला दारात ताटकळत ठेवणं म्हणजे धीटपणाच होता.

"उद्या नाही," ती म्हणाली. "परवा येईन."

"बरं," हेडमास्तर म्हणाले, आणि गेले.

परवा ती गेली. मानेवर हात ठेवून गेली आणि हात ठेवूनच आली. नकाशा हे नाव लगेच गेलं नाही. ते झिजायला वेळ लागला, जशी माझी गादी झिजली. कचेरीतला माणूस पुन्हा आला नाही. पुढच्या वर्षी मोहिमेचा तोच आदेश आला, अक्षरही बदललं नव्हतं. पण या वेळी हेडमास्तरांनी शिक्षकांना घरोघर पाठवलं. बहुतेक आईबापांनी आनंदाने हो म्हटलं. काहींनी आम्ही घरीच बघतो म्हटलं, आणि खरंच बघितलं. एक-दोघांनी दार लावून घेतलं. त्यांच्याकडे हेडमास्तर स्वतः पुन्हा पुन्हा जात राहिले. साथ गेली ती गेलीच.

खारूचे केस वाढले, पुन्हा वेण्या आल्या. फळी लागेनाशी झाली. ती मोठी होऊन दुसऱ्या गावी कामाला लागली. मालकांच्या हातांना कंप सुटला, दुकान भाच्याकडे गेलं. त्याने वरखाली होणाऱ्या चकचकीत खुर्च्या आणल्या आणि मला मागच्या खोलीत ढकललं. माझ्यावर आता टॉवेलांचं गाठोडं असतं. येता-जाता लोक अडखळतात आणि मला शिव्या देतात. मी त्यांना दोष देत नाही. दुपारी खोलीत अंधार होतो, आरसे नाहीत, तरी मला ती दुकानांमागची दुकानं दिसतात.

मित्रांनो, माणसांच्या भाषेत माझ्या नावाला आणखी एक अर्थ आहे, हे मला गाठोड्याखाली पडल्यावर कळलं. बाहेर लोक बोलत असतात, अमक्याला खुर्ची मिळाली, तमक्याची गेली. तुम्हीही मोठे व्हाल. कुणी शिक्षक होईल, कुणी अधिकारी, आणि बरेच जण आईबाप. कसली ना कसली खुर्ची तुम्हाला मिळेलच, आणि कुणाचं तरी लेकरू तुमच्या हाताखाली येईल. त्याच्या डोक्याला हात लावण्याआधी खुर्चीवरून उठा. त्याच्या घराच्या दारापर्यंत चालत जा, विचारा, आणि उत्तर येईपर्यंत उभे राहा. तोवर तुमची जागा कुठे जात नाही. खुर्च्या पळून जात नाहीत, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते.