नमुन्याचे पाच हिरे

हिरा पांढऱ्या कागदाच्या घडीत पालथा ठेवून बाईंनी त्यावर हलकेच श्वास सोडला. चमक क्षणभर मावळली. चमक गिऱ्हाइकासाठी असते. रंग पाहणाऱ्याला ती नुसती आड येते. शेजारच्या नमुन्याच्या हिऱ्यांशी ताडून पाहत त्यांनी चिठ्ठीवर रंगाचा दर्जा ‘जी’ लिहिला. मग सुनेची बंद चिठ्ठी उघडली; प्रयोगशाळेत प्रत्येक हिरा दोघी वेगवेगळ्या तपासत. तिनं ‘एच’ लिहिलं होतं, म्हणजे एक पायरी पिवळट.

या महिन्यातली ही अकरावी वेळ. दोघींचं जुळलं नाही की हिरा तिसऱ्या परीक्षकाकडे जाई, आणि तोही दर वेळी सुनेचीच री ओढी. प्रामाणिकपणे चुकणारा माणूस कधी वर चुकतो, कधी खाली. अकराच्या अकरा वेळा एकाच बाजूला चुकतो तो चुकत नसतो, असं बाईंचं सरळ गणित होतं. त्यातच सुनेचा भाऊ दोन महिन्यांपूर्वी एका हिरेव्यापाऱ्याकडे कामाला लागला होता. प्रयोगशाळेच्या दाखल्यावर रंग खाली उतरला की माल स्वस्तात कुणाच्या पदरात पडतो, हे बाईंना कुणी शिकवायला नको होतं. पाणी कुठेतरी मुरत होतं.

सुनेला इथे आणलं होतं त्यांनीच, इथल्या साहेबांना शब्द देऊन. आता आपलेच दात आणि आपलेच ओठ. रात्री जेवताना तिनं पुढे केलेली भाजी घेतानाही बाईंचा हात अडखळे, आणि त्याची त्यांना लाजही वाटे.

तरी आज सकाळी त्या साहेबांकडे गेल्याच होत्या.

“आपल्यातल्या एकाचे शेरे खोटे आहेत. संध्याकाळी नाव सांगते.”

“ज्याचं नाव सांगाल त्याला घरी बसावं लागेल, बाई.”

“ठाऊक आहे.”

जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाली. बाईंनी नमुन्याचे पाच हिरे काढून एकत्र मिसळले. प्रत्येकाच्या कडेवर त्याचं अक्षर कोरलेलं होतं, पण ते भिंगाखालीच वाचता येई. त्यांनी सुनेला हाक मारली.

“हे लाव बघू. आधी पांढरे, मग पिवळट. भिंग न घेता.”

“आत्ता?”

“का? कुठे जायची घाई आहे?”

सून बसली. चिमट्यानं एकेक हिरा उचलून तिनं पाचही ओळीत मांडले. बाई वाकल्या. त्यांना चौथा तिसऱ्याहून चांगलाच पांढरा दिसत होता. पोरगी आयती सापडली होती.

“तिसरा नि चौथा नीट पाहिलास?”

सुनेनं हिऱ्यांकडे पाहिलं, मग बाईंच्या तोंडाकडे. तिनं चिमटा उचलला आणि दोघांची अदलाबदल केली.

“असं?”

बाईंनी भिंग डोळ्याला लावलं. आता तिसऱ्या जागी असलेल्याच्या कडेवर ‘एच’. चौथ्याच्या कडेवर ‘जी’. त्यांनी भिंग पुसलं, दुसऱ्या डोळ्याला लावलं. अक्षरं तीच होती; फसवत होते ते त्यांचेच डोळे. त्यांनी भिंग खाली ठेवलं.

“आधी बरोबर लावले होतेस.”

सुनेनं चिमटा खाली ठेवला.

“मग बदललेस का?”

“तुम्ही म्हणालात म्हणून.”

“मी म्हटल्यानं हिऱ्याचा रंग बदलतो होय?” बाईंचा आवाज चढला, आणि मधेच उतरला. “चिठ्ठ्यांवरही असंच करतेस?”

“सगळ्यांवर नाही.” सुनेनं मान खाली घातली. “तुम्हाला काय दिसेल ते आता मला आधीच कळतं. फरक थोडा असला की तेच लिहिते. त्या अकरा वेळी मात्र खोटं लिहायचा धीर नाही झाला, आई.”

कामावर ती त्यांना कधी आई म्हणत नसे. बाईंना भरून आलं. तिच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला. पण त्यांनी पाचही हिरे आपापल्या खणात ठेवले, पेटी बंद केली आणि संध्याकाळची वाट न पाहता त्या उठल्या.

साहेब डबा आवरत होते. त्यांनी पेन उघडलं.

“बोला बाई. कोण?”

“एक नाही, दोघी आहोत,” बाई म्हणाल्या. “पहिलं नाव माझं लिहा.”