दुखवट्याचं बोलणं

माझं तोंड वाईट आहे, हे मला नवऱ्यापासून शेजारणींपर्यंत सगळ्यांनी सांगून झालंय. सखूला बोलायला कारण लागत नाही, म्हणतात. म्हणू देत. पण आमच्या घरात बोलण्याने घात झाला तो माझ्या नाही, माझ्या आईच्या. आणि माझी आई म्हणजे अख्ख्या मोरिवलीत गोड तोंडाची बाई. विठाबाई कुणाला वाकडा शब्द बोलली, असं दाखवा, मी पैज हरेन.

गावात कुणाकडे माणूस गेलं की पहिली हाक तिला. छाती पिटणाऱ्या बाईला कसं धरायचं, पोरांना कुठे नेऊन बसवायचं, सगळं तिला बरोबर कळायचं. आमच्याकडे एक रीत आहे. दुखवट्याला आलेला माणूस मनात काही टोचणी घेऊन आला असेल, मी वेळेवर आलो असतो तर, मी दवाखान्यात नेलं असतं तर, असं म्हणून रडायला लागला, तर घरातल्या थोरल्या बाईने त्याला मोकळं करायचं. तुझा काय दोष, त्याचे दिवस भरले होते, एवढं म्हणायचं आणि त्याच्या हातात पाणी द्यायचं. आमचा बाप तापाने गेला तेव्हा सुई टोचणारा कंपाउंडर उंबऱ्यात बसून ढसाढसा रडला होता. त्या सुईनेच घात केला असं अर्धं गाव म्हणत होतं. आजीलाही तसंच वाटत होतं. तरी तिने त्याला हेच म्हटलं आणि पाणी दिलं. दारात रडत आलेल्याला आमच्यात तसंच परत पाठवत नाहीत.

माझा धाकटा भाऊ हरिचंद्र गेला तो सत्त्याऐंशी साली, शिमग्याच्या तोंडावर. अंबरनाथला पत्र्याचे डबे बनवायच्या कारखान्यात होता. पहिली पाळी सुटली की रिक्षाबिक्षा काही नाही, रस्त्याच्या कडेने चालत मोरिवलीत घरी. त्या दिवशीही तसाच निघाला. मागून एक फियाट आली आणि त्याला उडवून गेली. भर दुपार, लख्ख ऊन, सरळ रस्ता. आता मला सांगा, एवढा सहा फुटी माणूस दिसत नाही होय?

रस्त्याकडेला जनू उसाचा रस काढायचा. त्याने सगळं पाहिलं. हरी डांबराच्या खाली, मातीतून चालला होता. गाडीवाल्याने पुढच्या टेम्पोला डावीकडून मागे टाकायला म्हणून गाडी मातीत घातली आणि हरीला धडक बसली. पण धडक अशी की हरी फेकला गेला तो रस्त्याच्या मधोमध. पोलीस आले तेव्हा तो तिथे पडलेला, म्हणून पंचनाम्यात जागा लिहिली रस्त्याच्या मधली. गाडीवाल्याने जबाब दिला की माणूस अचानक आडवा धावला, मी काय करणार.

झालं. तेवढ्यावर लोकांना विषय मिळाला. कारखान्याच्या गेटवर कुणीतरी पिल्लू सोडलं की हरी प्यायलेला असणार. माझा भाऊ हळदीच्या मांडवात बसूनसुद्धा लिंबू सरबत पिणारा, त्यावरून त्याची मस्करी व्हायची. मी गेटवर जाऊन त्या लोकांचा उद्धार करून आले.  आईचं मात्र एकच चाललं होतं, हरीची चूक नव्हती हे कुणीतरी लिहून द्यावं. तिला अक्षर वाचता येत नव्हतं. पण पंचनाम्यात एकदा लिहिलं गेलं ते खोटं होतं, तर त्यावर खरं लिहून घ्यायलाच हवं, असं तिने मनात धरलं. हरीची बायको अंजना हिने मग वकील गाठला आणि नुकसानभरपाईचा दावा लावला. अंजनाला मूल सांभाळायचं होतं. आईला फक्त ते लिहिलेलं हवं होतं.

पण त्याच्या आधीची गोष्ट सांगायची राहिली. सगळं अडलं ते तिथेच.

दहाव्याच्या आदल्या दिवशी दुपारी दारात तिघे जण आले. मी तेव्हा बेलवलीहून माहेरी येऊन राहिले होते. पुढे एक पोरगा, पंचविशीचा असेल नसेल, दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. मागे त्याचा मामा. आणि एक सफारीवाला माणूस, त्याची ओळख कुणी करून दिली नाही. मामा म्हणाला, उल्हासनगर चार नंबर कॅम्पातून आलोय, हा माझा भाचा परसराम, गाडी हाच चालवत होता.

माझं डोकंच फिरलं. मी उठलेच होते, पण तोवर तो पोरगा आईच्या पायावर कोसळला. हिंदीत आणि सिंधीत काय काय बोलत होता, निम्मं कळत नव्हतं, नुसतं अम्मा अम्मा. मी त्याला खोटारडा म्हणणार नाही. मनात आणलं तरी म्हणता येत नाही. रडला तो खराच रडला. त्याचं सगळं अंग हलत होतं.

आईने त्याच्याकडे खूप वेळ पाहिलं. आतल्या खोलीत अंजना भिंतीला टेकून बसली होती, कोपऱ्यात हरीचे कपडे तसेच टांगलेले होते. आईने हात पुढे केला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला.

"तुजा काय दोस, बाला," ती म्हणाली. "त्याचं दिस भरलं व्हतं."

आणि मला म्हणाली, याला पाणी दे. मी तांब्या आणला खरा, पण त्याच्या पुढ्यात आदळला. मामाने हात जोडले. सफारीवाला दाराशी उभा होता तो उभाच राहिला. चहा केला तर त्याने कपाला हात लावला नाही. मला तेव्हाच खटकलं होतं, दुखवट्याच्या घरचा चहा कुणी असा ठेवून जातं का?

पुढे पाच-सहा वर्षं नुसत्या तारखा. आमच्या बाजूने जनू उभा राहिला आणि पाहिलं ते त्याने सरळ सांगितलं. समोरच्या वकिलाने त्याला विचारलं, तुम्ही मोरिवलीचेच का, मयताला ओळखत होता का. जनू म्हणाला, ओळखतो, लहानपणापासून. बस, तिथेच त्याची साक्ष पातळ झाली. घरचाच माणूस, घरच्यासारखंच बोलणार. मग त्यांनी त्यांचा साक्षीदार उभा केला. मी बघते तर तोच सफारीवाला. तो गाडीच्या विम्याचं काम बघणारा माणूस होता आणि आमच्या दारात ऐकायला आला होता. त्याने सांगितलं, मयताच्या आईने माझ्यासमक्ष कबूल केलं की ड्रायव्हरचा दोष नाही.

आमच्या वकिलाला घाम फुटला. बाहेर येऊन त्याने आईला बाकावर बसवलं आणि समजावलं. आजी, तुम्हाला पिंजऱ्यात बोलावतील, त्याबद्दल विचारतील. तुम्ही फक्त आठवत नाही म्हणा. खोटं नाही काही, माणूस त्या दिवसांत भ्रमिष्ट होतो, कुणालाही पटेल. मी म्हटलं, आई, तेवढं म्हण. अंजनानेही हात जोडले. आई आम्हा तिघांकडे आळीपाळीने बघत राहिली.

"पन आठवतं ना," ती म्हणाली.

पुढच्या तारखेला ती पिंजऱ्यात उभी राहिली. डोक्यावरून पदर, कठड्यावर दोन्ही हात. समोरचा वकील तिच्याशी फार अदबीने बोलला, जळ्ळी मेली त्याची अदब. हा मुलगा तुमच्या घरी आला होता का? आला होता. त्याला तुम्ही हाकललं का? नाही, पाणी दिलं. मग त्याने विचारलं की आजी, त्याला तुम्ही काय म्हणालात ते जसंच्या तसं सांगा.

परसराम समोरच्या बाकावर बसला होता. आता त्याच्या अंगावर मांस आलं होतं, लग्नही झालं असेल. आईने त्याच्याकडे पाहिलं. आणि कोर्टात बोलायच्या आवाजात नाही, त्या दिवशी बोलली होती अगदी त्याच आवाजात म्हणाली, तुजा काय दोस, बाला, त्याचं दिस भरलं व्हतं. परसरामने मान खाली घातली ती वर काढली नाही. 

आमचा वकील उठला. त्याने तिच्याकडून वदवून घेतलं की ही दुखवट्याची रीत आहे, आलेल्याला असंच म्हणतात. त्याचा चेहरा जरा खुलला. जज्जसाहेबही लक्ष देऊन ऐकत होते. माणूस वाईट नव्हता. त्यांनी स्वतःच विचारलं.

"म्हणजे बाई, हे तुम्ही नुसतं म्हणायचं म्हणून म्हणालात? मनातून नाही?"

अहो, एक शब्द हवा होता. नाही, एवढाच. मी बाकावरून तिच्याकडे जीव डोळ्यांत आणून बघत होते. वकील बघत होता. आईला प्रश्न नीट कळला, मला माहीत आहे, तिला सगळं कळायचं. पण नाही म्हणायचं म्हणजे रडणाऱ्या पोराच्या डोक्यावर खोटा हात ठेवला, असं होणार होतं. आणि आजीने, तिच्या आधीच्या सगळ्यांनी जे केलं ते सोंग होतं, असंही होणार होतं.

"मनातनंच बोलले साहेब," ती म्हणाली. "पोर रडत व्हता."

साहेबांनी टाइप करणाऱ्याला इंग्रजीत एक ओळ सांगितली. मशीन खडखडलं आणि थांबलं. पोर रडत होता हे त्या ओळीत आलं की नाही, मला ठाऊक नाही.

निकाल लागला. वकिलाने बाहेर पायरीवर उभं राहून समजावून सांगितलं. जागेचा पंचनामा, आईचं बोलणं, सगळं बघून कोर्टाने दोघांचीही चूक धरली, निम्मी गाडीवाल्याची, निम्मी हरीची. म्हणाला, पूर्ण हरलो नाही हे नशीब. अंजनाला मिळायचं ते त्या हिशेबाने कापून मिळालं, त्यातच तिने पोर वाढवलं. तिने आईला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. मी असते तर लावला असता.

आई पायरीवरच बसून राहिली. बऱ्याच वेळाने मला म्हणाली, "हरीची निम्मी कंची गं?"

मी काय सांगणार? तो मातीतून चालत होता, त्यात निम्मी चूक कुठून काढायची?  माझ्यासारखी बाई गप्प राहिली.

"मी बोलले तीच," ती म्हणाली. "माज्या हरीच्या नावावर माज्या तोंडचं लिवलं."

त्यानंतर तिने दुखवट्याला जाणं सोडलं. गावात माणसं गेली, बोलावणी आली, ती घरातच बसून राहायची. आधी लोकांना वाटलं, थकली. मग बोलावणंही बंद झालं. मी तिला बेलवलीला माझ्याकडे घेऊन आले. दिवसभर ओट्यावर बसायची, माझी बडबड ऐकायची, कधी हसायची.

तिथे आमच्या शेजारी गयाबाई. तिचा तरुण मुलगा बबन उल्हास नदीवर मासे धरायला गेला आणि डोहात बुडाला. त्याला घेऊन गेला होता तो त्याचा जिवलग दोस्त किसन. दोघं एकाच शाळेत शिकलेले, एकाच ताटात जेवलेले. किसनने उडी मारून शोधलं, ओरडून माणसं गोळा केली, त्याच्या हातून जेवढं होतं तेवढं त्याने केलं. त्याच्याकडे बोट दाखवणारं कुणी नव्हतं. ना पोलीस, ना कोर्ट.

भिंतीला भिंत लागून घर, तेव्हा आईला जाणं भागच होतं. मी तिला धरून नेलं. ती गयाबाईच्या अंगाला अंग लावून बसली, तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली. जुना हात तो, विसरला नव्हता. मला बरं वाटलं. म्हटलं, आली बाई माणसांत.

इतक्यात किसन दारात आला. आत यायची त्याची हिंमत होईना. उंबऱ्याशीच बसला आणि म्हणाला, मावशी, मीच नेला त्याला, मी नेला नसता तर. आणि त्याचा बांध फुटला.

गयाबाईने मान वर केली.  तिने हात पुढे केला. "तुझा काय..." एवढंच ती म्हणाली.

आईने चटकन आपला तळवा तिच्या तोंडावर ठेवला.

"नको गं बाय," ती म्हणाली. "लिवून घेतात."

 गयाबाईला काही कळेना, ती आईकडे बघत राहिली. आईचा हात तिच्या तोंडावर तसाच घट्ट होता. तो मला दोन्ही हातांनी सोडवावा लागला. तोवर किसन उठून उभा राहिला होता. त्याने एकदा आत पाहिलं, सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि चपला न घालताच निघून गेला.

त्याला पाणी द्यायचं राहिलं.